ओझेला टिन्सली कुणाची मिंधी नव्हती

ओझेला टिन्सलीनं आयुष्यभर एकच गोष्ट जपली: कुणाकडे काही मागायचं नाही. कुणी दागिने जपतं, कुणी नवरा जपतं, हिनं हे जपलं. जॉर्जियातल्या पेल्टन गावात, रुळांच्या अलीकडे जी काळ्यांची वस्ती आहे, तिथं कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल आणि सांगताना थोडं नाक मुरडेल. जी कुणाकडे काही मागत नाही, तिच्याकडे मागायला जायचीही चोरी असते ना.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं चौदाव्या वर्षी, बँकवाल्या हॅलब्रुकांच्या स्वयंपाकघरात. थोडा पगार हातात आणि थोडा पातेल्यात, अशी तेव्हा रीतच होती. संध्याकाळी घरी निघताना बाईसाहेब उरलंसुरलं पातेल्यात घालून द्यायच्या. कोंबडीची मान, कालची चवळी, मक्याच्या पावाचे वाळलेले काठ. वर म्हणायच्या, आईला सांग हो, मी आठवणीनं दिलं. दुसऱ्या दिवशी आई तिला बजावून पाठवायची, आभार मानायला विसरू नको. दिवसभर राबायचं, त्या राबण्याचं म्हणून उष्टं घ्यायचं आणि वर आभार मानायचे. चवळीचा वास ओझेलाला पुढं कधीच सोसला नाही. नवीन वर्षाच्या दिवशी सगळं गाव शुभ म्हणून चवळी खातं. ही त्या दिवशी नुसता पाव खाऊन राहायची आणि शेजारणी म्हणायच्या, हिचं वर्ष कसं जायचं कोण जाणे.

मग महायुद्ध आलं. युद्धानं जगाचं काय केलं ते केलं, ओझेलाचं भलं केलं. खोटं कशाला बोला. नवरा एमॉरी सैन्यात गेला, तान्ही लेक कॉर्लिस आजीपाशी राहिली आणि ओझेला मेकनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागली. दिवसा दारू भरायची, संध्याकाळी केस करायचं शिक्षण घ्यायचं. राज्याची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि परवाना चौकटीत घालून आणला. एकोणीसशे शेहेचाळीसच्या वसंतात आईच्या परसात तिनं फळ्यांचं दुकान उभं केलं. पत्र्याचं छप्पर, गॅसची शेगडी, मोरी, मोठा आरसा आणि एक खुर्ची. पुढं तीन झाल्या. जागा आईची, माल अटलांटाच्या काळ्यांच्या कंपनीचा, तो विकायला येणारा माणूस काळा, गिऱ्हाईक सगळं काळं. विजेचा मीटर बघणारा सोडला तर गोऱ्या माणसानं त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचं कारण नव्हतं. किल्ली ती गळ्यात घालायची, झग्याच्या आत.

त्याच वसंतात एमॉरी फ्रान्सहून परतला. अंगावर गणवेश होता तोवरच, आणखी दोघांना घेऊन, तो काउंटीच्या कचेरीत मतदार म्हणून नाव घालायला गेला. कुणी हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. कारकुनानं नाव विचारलं, कुठं काम करतोस ते विचारलं आणि चौकशी करू म्हणाला. दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या गिरणीत एमॉरीच्या जागी दुसरा माणूस उभा होता. मग तो जिथं जाई तिथं जागा कालच भरलेली असे.

महिनाभर त्यानं कळ काढली आणि डेट्रॉइटला निघाला. तिथं मोटारींच्या कारखान्यात सगळ्यांना एकच फाटक आहे, चल, असं तो तिला म्हणाला.

"फाटक एकच असेल," ओझेला म्हणाली, "पण त्याची किल्ली कुणाकडे?"

"तुला माणसापेक्षा खुर्ची प्यारी."

"खुर्ची मला सोडून जात नाहीये, एमॉरी."

तो गेला. घटस्फोट कुणी मागितला नाही, द्यायलाही कुणी बसलं नव्हतं. नाताळाला त्याचा फोन यायचा. तिथं संघटना आहे, मुकादमाला तोंडावर बोलता येतं, बसमध्ये कुठंही बसता येतं. ओझेला विचारायची, तुझ्याकडे तर मोटार आहे ना, मग बसमध्ये कशाला बसतोस? तो चिडून फोन ठेवायचा आणि पुढल्या नाताळाला पुन्हा करायचा. एमॉरीच्या मते, जिथून निघून जाता येतं तिथं स्वातंत्र्य. ओझेलाच्या मते, जिथून कुणी उठवू शकत नाही तिथं. दोघांनीही आपापलं मिळवलं आणि दोघंही एकटी राहिली.

शनिवारचं ते दुकान म्हणजे वस्तीचं दुसरं चर्चच, फक्त इथं खरं बोलायचे. रविवारच्या प्रार्थनेला केस सरळ, गुळगुळीत हवेत, म्हणून सकाळपासून बाकावर रांग लागायची. केस धुवायचे, वाळवायचे, मुळाशी मलम चोळायचं, मग पोलादी कंगवा गॅसवर तापवून कागदाच्या चिटोऱ्यावर टेकवून बघायचा. कागद करपला तर थांबायचं. नाही करपला तर, "कान धर." गिऱ्हाइकानं आपला कान मुडपून धरायचा आणि कंगवा कपाळापासून मागं न्यायचा. चर्रर्र असा आवाज, धूर, आणि कुरळ्या केसांची रेशमासारखी लड. हे सगळं पाण्याचा किंवा घामाचा थेंब लागेपर्यंतच. त्यामुळं पेल्टनच्या बायका देवाला भीत, गोऱ्या पोलिसाला भीत आणि दमट हवेला या दोघांपेक्षा जास्त भीत.

सकाळी दहाची खुर्ची टेम्पी बिव्हिन्सची. टेम्पी जज्ज कॅल्डरांकडे स्वयंपाकाला. अंगानं आडवी, जिभेनं त्याहून. तिचा नवरा रेल्वेच्या कामावर असताना वारला आणि त्याच्या विम्यातून तिनं दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं होतं, म्हणून ओझेला तिला जरा मानायची. टेम्पीच्या तोंडून जज्जसाहेबांच्या घरची प्रत्येक उचकी वस्तीला कळे. आणि टेम्पीचा कान मुडपलेला असताना ओझेला तिला आपलं तत्त्वज्ञान ऐकवी, कारण तेव्हा तिला हलता येत नसे. कुणाचं फुकट घेऊ नये. फुकट देणारा हात आधी डोक्यावर ठेवतो, मग मानेवर.

एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्चमध्ये कॉर्लिस अटलांटाच्या कॉलेजातून परत आली. आली ती शनिवारीच, दुकान भरलेलं असताना. दारात उभी राहिली आणि बाकावरची बडबड एकदम थांबली. पोरीनं केस कापून टाकले होते. कंगवा नाही, मलम नाही, देवानं दिलेलं आखूड कुरळं रान तसंच डोक्यावर. केस करणारीची एकुलती एक लेक. हलवायाच्या पोरीनं साखर सोडावी तसं झालं.

टेम्पीच पहिली बोलली. म्हणाली, "पोरी, कॉलेजात शेगड्या नसतात का गं?"

बायका हसल्या. ओझेला हसली नाही. तिनं हातातलं डोकं पुरं केलं, कंगवा ठेवला आणि लेकीला मोकळ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, बस. कॉर्लिस म्हणाली, मी बसायला नाही आले. गोऱ्यांच्या केसांसारखे केस करून घ्यायला आयुष्यातले शनिवार घालवायचे नाहीत मला. मी आहे तशी आहे.  सगळ्याजणी याच कामासाठी सकाळपासून पैसे मोजून बसल्या होत्या, तेव्हा हे ऐकून कुणाला आनंद होणार?

"ज्या केसांवर तुझी चार वर्षांची फी निघाली," ओझेला म्हणाली, "ते कुणासारखे होते ते तेव्हा नाही विचारलंस."

आता यात कोण बरोबर होतं, ते विचारू नका. दोघीही होत्या, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

कॉर्लिस एकटी आली नव्हती. अटलांटाचे दोन सोबतीही होते. लोकांना गोळा करून कचेरीत न्यायचं आणि मतदार म्हणून नावं घालायची, हे त्यांचं काम. पाद्रीबाबांनी चर्च द्यायला नकार दिला. खरं स्वातंत्र्य पलीकडच्या तीरावर आहे म्हणाले. अशा सभांची चर्चं जाळली जातात आणि आपल्या चर्चवर आगीचा विमा नाही, हे म्हणाले नाहीत. मग या तिघांनी एका बंद पडलेल्या किराणा दुकानात सभा ठेवली. कधी? ईस्टरच्या आदल्या शनिवारी. सभेला चार म्हातारे आले आणि एक कुत्रं. अटलांटाचे सोबती म्हणाले, बायका फार घाबरलेल्या आहेत. घाबरलेल्या कसल्या, पन्नासेक जणी ओझेलाच्या परसात उन्हात रांग लावून होत्या. ईस्टरला कोण अर्धं डोकं घेऊन क्रांती करायला जाईल? कॉर्लिस या दुकानात रांगायला शिकलेली, तिला हे कळू नये, याचं ओझेलाला केसांपेक्षा जास्त दुःख झालं.

शेवटी कॉर्लिस आईकडेच आली. तुझ्या दुकानात बोलू दे, म्हणाली, बायका तिथंच असतात. ओझेलानं बोलू दिलं. नाही म्हणाली असती तर घाबरली म्हणाले असते. कॉर्लिस बाकासमोर उभी राहून नीट बोलली. कुठल्या सोमवारी कचेरी उघडी असते, काय विचारतात, काय उत्तर द्यायचं. बायकांनी ऐकून घेतलं. मग टेम्पी म्हणाली, पोरी, तू बोलतेस छान. पण आम्हा सगळ्यांना कुणी ना कुणी कामावरून काढू शकतं. जिला कुणीच काढू शकत नाही अशी वस्तीत एकच बाई आहे, आणि ती तुझ्यामागं कंगवा घेऊन उभी आहे. ती गेली का?

सगळ्यांनी ओझेलाकडे बघितलं. "तुझं डोकं भाजेल, समोर बघ," ओझेला म्हणाली. त्यावर विषय संपला, निदान दुकानातला.

घरी संपला नाही. कॉर्लिस रोज जेवताना तोच धरून बसे. ओझेलाचं म्हणणं सरळ होतं. मी सतरा वर्षं त्या लोकांकडे काही मागितलं नाही. आता त्या टेबलापुढं जाऊन, हात बांधून, मला मताचा हक्क द्या हो, असं म्हणू? कॉर्लिस म्हणे, ते मागणं नाही, ते तुझंच आहे. ओझेला म्हणे, माझंच आहे तर त्या कारकुनाच्या ड्रॉवरात कसं?

"आई, तुझं स्वातंत्र्य त्या चार भिंतींत मावतं," कॉर्लिस एकदा म्हणाली.

"मावतं म्हणून टिकलंय."

तिनं हे म्हटलं खरं, पण पोरगी उठून गेल्यावर ताटातली कोलार्डची पालेभाजी तिनं तशीच टाकून दिली. दुकान गेलं तर आपण कोण, हा प्रश्न तिच्या पोटात होता. कॉर्लिसला कॉलेज होतं, एमॉरीला डेट्रॉइट होतं. तिच्याकडे ते दुकान होतं. कचेरीत गेलं की ते लोक कुठून तरी हात घालणार. कुठून, ते तिला दिसत नव्हतं, पण एमॉरीची गिरणी तिनं बघितली होती.

मे महिन्यात टेम्पीनं सगळा घोळ केला. एका सोमवारी कॅल्डरबाईंनी जज्जसाहेबांचं जेवण देऊन तिला कचेरीत पाठवलं. थंडी वाजलेल्या माणसासारखे जज्जसाहेब मे महिन्यातही गरम सूप पीत. टेम्पीनं सूप पोचवलं, परत फिरली, आणि समोरच नोंदणीची खोली उघडी दिसली. ती नंतर म्हणायची, मी काही ठरवून गेले नव्हते. दार उघडं होतं आणि आत पंखा होता. आत गेली, नाव सांगितलं, कारकुनानं विचारलं त्याची उत्तरं दिली. तो म्हणाला, तू पास नाहीस. ती म्हणाली, बरं. रिकामा डबा घेऊन ती जज्जांच्या घरी पोचण्याआधी फोन पोचला होता. कॅल्डरबाई दारातच रडत उभ्या होत्या. टेम्पी, आम्ही तुझ्यावर किती प्रेम केलं, आणि तू असं करावंस? डबासुद्धा हातातून काढून घेतला. एकोणीस वर्षांचं काम सूप थंड व्हायच्या आत गेलं.

पुढच्या शनिवारी दहाची खुर्ची रिकामी राहिली. ओझेलानं तिथं दुसरं कुणी बसवलं नाही. अकरा वाजले, बाकावर कुजबुज सुरू झाली, तिनं लक्ष दिलं नाही. त्यापुढच्या शनिवारीही खुर्ची रिकामी. रविवारी चर्चमध्ये टेम्पी डोक्याला फडकं बांधून आली आणि मागच्या रांगेत बसली. ती पहिल्या रांगेतली बाई.

त्या संध्याकाळी ओझेला कंगवा आणि मलमाची डबी पिशवीत घालून तिच्याकडे गेली. टेम्पी स्वयंपाकघरात बसली होती. ओझेलानं शेगडी पेटवायला हात लावला, तशी टेम्पी म्हणाली, राहू दे.

"पैसे नकोत मला," ओझेला म्हणाली.

"म्हणूनच राहू दे. ज्याचे पैसे देता येत नाहीत ते घ्यायचं नाही. कुणाच्या खुर्चीत बसून शिकले, ते तुला माहीत आहे."

"मी काय उपकार करायला आलेय का? इतक्या वर्षांची तू माझी..."

"कॅल्डरबाईही हेच म्हणायची," टेम्पी म्हणाली. "कोंबडीची मान बांधून देताना."

ओझेला पिशवी उचलून बाहेर आली. रस्त्यात दोघी-तिघींनी हाक मारली, तिला ऐकू आलं नाही. आजवर तिच्या हे ध्यानात का आलं नव्हतं, देव जाणे. शिकलेली बाई, हिशेबाला पक्की. टेम्पीला पैसे कॅल्डरबाई देत होती आणि टेम्पी ते तिला देत होती. बाकावरची दुसरी डॉक्टरांच्या घरची, तिसरी बँकवाल्यांच्या घरची, चौथी कचेरीतल्या त्याच कारकुनाची पोरं सांभाळणारी. तिच्या फळ्या, तिचा पत्रा, कॉर्लिसचं कॉलेज, सगळं गोऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून आलं होतं. फक्त दुसऱ्या बायकांच्या हातून आलं होतं. पातेलं त्या बायकांनी उचललं होतं आणि ही म्हणत होती, मी कुणाची मिंधी नाही.

पुढच्या सोमवारी कचेरी उघडी होती, आणि सोमवारी केसांची दुकानं बंदच असतात, त्यामुळं सबबही नव्हती. ओझेलानं रविवारचा निळा झगा घातला, हातमोजे चढवले, हॅट घातली. दाराशी कॉर्लिस भेटली.

"कुठं?"

"कचेरीत. येतेस की वाट बघू?"

कॉर्लिसचे डोळे भरून आले. ती काहीतरी बोलणार होती. ओझेला म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून नाही जात. उगाच वर चढू नकोस. आणि त्या डोक्यावर काहीतरी घाल." कॉर्लिसनं काही घातलं नाही.

दोघी रस्त्यानं निघाल्या तशा खिडक्या उघडल्या. आज सुट्टी असलेल्या, नसलेल्या, सात-आठ जणी मागून येऊन मिळाल्या.  कचेरीच्या पायऱ्यांवर त्यांना उन्हातच उभं केलं. आतल्या बाकावर नावं घालायला आलेली गोरी माणसं येत होती, बसत होती, जात होती. जूनमधलं जॉर्जियाचं ऊन. तासाभरात सगळ्यांच्या कपाळाशी केस वळायला लागले. बायका रुमालानं टिपताहेत, वर्तमानपत्रानं वारा घेताहेत, एकमेकींच्या कानामागं बघताहेत. लॅव्होनिया नावाची एक तर चक्क परत गेली. तुरुंगात जाईन, म्हणाली, पण या अवतारात नाही. कॉर्लिस एकटी कोरडी ठणठणीत, पायरीवर पुस्तक वाचत बसलेली. ओझेलानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या हॅटखाली हात घालून बघितला.

दुपार उलटल्यावर तिचं नाव पुकारलं. नुसतं "ओझेला". तिच्याहून वीस वर्षांनी लहान कारकून. नाव, वय, पत्ता.

"काम कुणाकडे करतेस?"

"माझ्याकडे."

"म्हणजे कुणाकडे?"

"माझं केसांचं दुकान आहे. परसात. मीच मालकीण."

त्यानं ते लिहून घेतलं. मग राज्याच्या घटनेतला एक परिच्छेद तिच्यापुढं सरकवला. तिनं तो खणखणीत वाचला, अर्थ सांगितला. तो म्हणाला, अर्थ पुरेसा नाही. काय राहिलं, तिनं विचारलं. ते तुझं तुला कळायला हवं, तो म्हणाला, पुढच्या खेपेला ये.

ती बाहेर आली. तिला वाटलं होतं, त्या टेबलापुढं उभं राहिलं की आपण पुन्हा चौदा वर्षांच्या होऊ, पातेलं हातात घेऊन. तसं काही झालं नाही. पाय दुखले. कॉर्लिसनं विचारलं, झालं? ती म्हणाली, नाही. पुढच्या खेपेला यायचंय. आणि त्या दोघी चालत घरी आल्या.

बुधवारी काउंटीचा आरोग्य निरीक्षक आला. मीटरवाला सोडला तर दुकानाच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा गोरा माणूस उंबऱ्याच्या आत आला, तो टोपी न काढता. मोरी बघितली, नळ बघितला, सांडपाणी कुठं जातं ते बघितलं. पाईप एका मापाचा हवा होता, तो दुसऱ्या मापाचा होता. सतरा वर्षं तोच होता, पण ते विचारून काय उपयोग? मग त्यानं भिंतीवरचा परवाना चौकटीसकट खाली काढला आणि काखेत घेतला. ओझेला बघत राहिली. कुठून हात घालतील, म्हणून ती रात्रंदिवस शोधत होती, आणि तो कागद तिनंच आरशाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवला होता. राज्यानं दिलेला, राज्यानं नेला. या पत्त्यावर, दुकानात किंवा घरात, केसांचं काम करायचं नाही, अशी चिठ्ठी दारावर चिकटवून तो गेला.

एमॉरीचा फोन आला, नाताळ नसताना. चल आता तरी, म्हणाला. ती म्हणाली, पुढच्या खेपेला मला कचेरीत जायचंय, कशी येऊ?  तो म्हणाला, गणवेश नाही ना गं तुझ्याकडे. ती म्हणाली, हॅट आहे. त्यांच्या लग्नातलं हे सगळ्यात प्रेमाचं बोलणं असावं.

कॉर्लिसचं मत, खटला भरायचा. अटलांटाचा वकील तयार होता. पण खटला चालणार महिनोन्‌महिने आणि बायकांची डोकी दर शनिवारी. दोन रविवार चर्चमध्ये नुसती फडकी दिसली. ओझेलाला दुसऱ्याचं स्वयंपाकघर हवं होतं. घरोघरच्या शेगडीवर केस करणाऱ्या बायका कितीतरी होत्या, परवाना कुणाकडे असतो? पण वस्तीतली बहुतेक घरं गोऱ्या मालकांची. भाडेकरणीला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं. स्वतःचं घर, स्वतःची शेगडी आणि आता जिचं काम जायचं राहिलेलं नाही, अशी एकच बाई होती.

मी विचारून येऊ का, कॉर्लिस म्हणाली. ओझेला म्हणाली, नको.

ती गेली तेव्हा टेम्पी परसात भेंड्या खुडत होती. ओझेला कुंपणाशी उभी राहिली. हवेचं बोलली, भेंडीचं बोलली, पाद्रीबाबांच्या खोकल्याचं बोलली. टेम्पी खुडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं? पण तिनं एक शब्द पुढं करून मदत केली नाही.

शेवटी ओझेला म्हणाली, "टेम्पी, मला तुझी शेगडी दे. शनिवारची."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं. पुन्हा ऐकायचंय. तुझ्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं."

ओझेलानं पुन्हा मागितलं. मग घाईघाईनं म्हणाली, भाडं देईन, गॅसचे वेगळे देईन, तुझे केस दर शनिवारी... टेम्पीनं भेंडीचं टोपलं तिच्या हातात दिलं, धर म्हणून, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाडं नको. गॅसचे नकोत. आणि केसांचे पैसे मी कामाला लागले की देईन, तोवर उधार. तूही माझी, मीही तुझी."

"फुकट मला चालत नाही, टेम्पी."

"मला ठाऊक आहे ना. म्हणूनच फुकट. जरा मिंधी हो माझी, मरत नाहीस."

ओझेला टोपलं घेऊन तशीच उभी राहिली. भेंडीच्या कुसांनी बोटं खाजत होती. ती रागावली होती हे टेम्पीला दिसत होतं, आणि तिचा राग ओसरायला किती वेळ लागतो हेही टेम्पीला माहीत होतं. म्हणून ती पुन्हा भेंड्या खुडायला लागली.

"खिडकी दक्षिणेला आहे का तुझी?" ओझेलानं विचारलं. "मला उजेड लागतो."